आधी बस, मग बोल

दाराशी कुणी आलं की ती हातातलं काम न सोडता, पिठाच्या बोटानं जवळच्या ताटावर दोनदा टकटक करायची आणि म्हणायची, "आधी बस, मग बोल." कामगार असो, गॅसची टाकी आणणारा असो, वर्गणी मागणारी पोरं असोत की पोलीस. उभ्या माणसाचं ती ऐकूनच घेत नसे.

मलाही तिनं असंच बसवलं होतं. मी एका सरकारी कचेरीत कारकून होतो. अजूनही आहे, म्हणून कचेरीचं नाव घेत नाही. भिवंडीतल्या कारखान्यांच्या एका गल्लीत तिची बिशी होती. बिशी म्हणजे लूमवर, यंत्रमागावर, काम करणाऱ्यांची खानावळ. पण खानावळ म्हटलं की टेबल-खुर्च्या आणि भिंतीवरचं दरपत्रक डोळ्यांपुढे येतं, तसलं तिथं काही नव्हतं. एक लांबट खोली. रस्त्याकडे शटर, मागच्या अंगाला शेगड्या, जमिनीवर गोणपाटाच्या पट्ट्या, आणि भिंतीलगत लाकडी फळ्यांवर पन्नाससाठ ताटं. शेजारच्या लूमचा खडखडाट इतका, की तिथली माणसं प्रेमाचं बोलणंसुद्धा भांडल्यासारखं बोलायची.

मी सांडपाण्याची नोटीस घेऊन गेलो होतो.

"मावशी, नोटीस आहे."

टकटक. "आधी बस, मग बोल."

"जेवायला नाही आलो. सही पाहिजे तुमची."

"सही काय पळून चालली हाय? बस. हात धू."

बसलो. डाळ, भात, वांग्यात घातलेली सुकट. जेवून उठलो आणि नोटीस बॅगेत तशीच घेऊन कचेरीत परत आलो. दुसऱ्या दिवशी नोटीस द्यायला म्हणून गेलो आणि जेवलो. तिसऱ्या दिवशी नोटीस न घेताच गेलो. मी कोन गावाहून येणार, बायकोची सकाळची शाळा, डबा कधी मिळे कधी नाही. त्या तिसऱ्या दिवसापासून दहा-अकरा वर्षं माझं दुपारचं जेवण तिथं होतं. माझं नाव तिनं कधी विचारलं नाही. "कारकुना" म्हणायची, अरे-तुरे करायची. माझ्याहून पंधरा वर्षांनी तरी मोठी होती. मला ते आवडायचं. कचेरीत मला सगळे साहेब म्हणायचे, आणि ते कशासाठी म्हणायचे ते मला ठाऊक होतं.

ती पडघ्याच्या पलीकडच्या एका गावची, कुणब्याची. नवरा लूमवर होता. तो गेल्यावर त्याच्या शिफ्टमधले चौघे जण तेराव्याला जेवायला आले आणि जाताना म्हणाले, की मौसी, अब हमारा खाना भी आप ही बना दो. तिथून सुरुवात. चाराचे पन्नास झाले. बहुतेक उत्तर प्रदेशचे, काही ओडिशाचे. तिचं हिंदी म्हणजे मराठीला दिलेला एक धक्का होता. "बैठ पयला, मग बोल" असं ती म्हणायची, आणि ते सगळ्यांना कळायचं.

त्या ताटांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं तुम्हाला समजणार नाही.

प्रत्येकाचं ताट ठरलेलं. मागच्या बाजूला खिळ्यानं कोरलेली खूण. कुणाचं त्रिशूळ, कुणाचा मासा. एक म्हातारा जॉबर होता, बिघडलेले लूम दुरुस्त करणारा, त्याला सगळे चाचा म्हणत. त्याच्या ताटावर पान्याचं चित्र. माझ्या ताटावर तिनं स्वतः एक गोल कोरला होता, शिक्क्यासारखा. "कारकुनाला दुसरं काय येतं?" म्हणाली होती. तर रिवाज असा, की गावाला जाणारा माणूस निघताना आपलं ताट आपल्या हातानं फळीवर पालथं घालायचा, आणि परत आला की आपल्याच हातानं सुलटं करायचा. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. मावशीनं तर मुळीच नाही. एकदा झाडताना तिच्या पदरानं चाचाचं ताट पालथं पडलं, तर तिनं चाचाला कारखान्यातून बोलावून आणलं आणि सुलटं करायला लावलं.

"मौसी, मशीन छोड़ के आया हूँ," चाचा वैतागून म्हणाला.

"मंग काय मी करू? मी पालथं घातलं म्हंजे मी तुला हाकललं. मी कंदी कोनाला हाकललं न्हाय."

पहिल्या लॉकडाऊनमध्ये दोन दिवसांत ती सगळी माणसं गेली. पायी, ट्रकमधून, टेम्पोत उभ्यानं, पडघ्यावरून नाशिकच्या रस्त्यानं. जाण्याआधी एकेक जण येऊन ताट पालथं घालत होता. तिनं प्रत्येकाच्या हातात भाकऱ्यांचं पुडकं दिलं, आणि प्रत्येकाला ते देण्याआधी खाली बसवलं. मी पास दाखवून आलो तेव्हा फळ्यांवर पन्नास ताटं पालथी होती आणि एक सुलटं. माझं. पुढचे दोन-अडीच महिने तिनं माझ्या एकट्यासाठी पिठलं टाकलं. "आता हा कारकूनच माझा कारखाना," म्हणायची. हे मी आज लिहितोय तेव्हा हात थांबतो, पण लिहायचं तर हेही लिहायला हवं.

दिवाळीपर्यंत माणसं परत आली. ताटं सुलटी झाली. आणि मग दोन हजार एकवीसचा एप्रिल आला, दुसरी लाट आली, आणि नवे निर्बंध आले.

आता त्या दिवसांची आठवण काढली की लोक हसून सोडून देतात. मला हसू येत नाही. आदेश होता, कारखाने चालू. हॉटेल, खानावळी बंद. पार्सल चालेल, बसून खायला मनाई. म्हणजे पन्नास माणसं एका छपराखाली बारा तास लूमपाशी उभी राहिली तर रोग नाही, आणि तीच माणसं पंधरा मिनिटं बसून भात जेवली की रोग. हा कागद मी स्वतः झेरॉक्स काढून वाटला. वाटताना एकदाही वाटलं नाही, की आपण काय वाटतोय.

गल्लीत लोकांचं डोकं फिरलेलं होतं. न्हावी खुर्चीवर फडकं टाकून दारात बसलेला. मला बघून म्हणाला, "बाबू, अब दाढ़ी का भी पार्सल दूँ क्या? बाल काट के घर भेज दूँ?" चपलावाला म्हणाला, "मागच्या वर्षी थाळ्या वाजवा म्हणालात, वाजवल्या. यंदा दुकानाचं शटरच वाजवतो, चालेल?" कापडाचा एक दलाल रस्त्यात गाडी थांबवून मलाच शिव्या घालून गेला, जणू आदेश माझ्या घरी शिजला होता. मी सगळ्यांना एकच उत्तर द्यायचो, "वरून आलंय." त्या महिन्यात मी हे दोन शब्द किती वेळा बोललो असेन, त्याला मोजदाद नाही.

मावशीला कागद द्यायला गेलो तेव्हा तिनं मला बसवलं आणि कागद वाचायला लावला.

"पार्सल म्हंजे?"

"पिशवीत बांधून द्यायचं."

"आनि त्यांनी खायाचं कुठं? खोलीत एका खाटंवर तिघं झोपतात, पाळीपाळीनं. तिथं? का लूमच्या फन्या हलतात त्येच्याखाली?"

"ते आदेशात नाही."

"मंग जेवनाचा आदेश काढनारा कंदी जेवला न्हाय वाटतं." ती चिडली की आवाज चढवत नसे, हळू करायची. "ऐक कारकुना. उभ्यानं जनावर खातं. बारा तास उभी असतात रं ती. ह्ये पंधरा मिनटं बसतात, तेवढंच बसनं. ते मी बंद नाय करनार. तू लिवून घे तुला काय लिवायचं ते."

मी काही लिहून घेतलं नाही. जेवलो.

तिनं मग शटर खाली ओढून बिशी चालवली. एका वेळी दहा जण, एकाआड एक पट्टीवर. आपसात खूण ठरली. शटरवर दोन ठोके, थांबून एक. त्यातही तिला प्रत्येकाचा ठोका कळायचा. चाचाचा पान्यानं मारलेला, पोरांचा घाईचा. माझा तर ती नक्कल करून दाखवायची. शटरच्या पट्टीला बोट लावायची न लावायची, आणि माझ्यासारखा खोकून म्हणायची, "कारकून दार वाजवत न्हाय, अर्ज करतो." सगळी पंगत हसायची. मीही हसायचो, मास्क हनुवटीवर ओढून, मांडी घालून, आतमध्ये, बंद शटरच्या मागे. निर्बंध मोडून.

शेजारी पानाची टपरी होती, तीही त्या दिवसांत चोरूनच चालायची. टपरीवाला जौनपूरकडचा, तिच्याच इतका जुना, आणि दोघांचं रोजचं भांडण. त्या आठवड्यात तो गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात तिच्याशी बोलला होता, "मौसी, इतनी भीड़ करोगी तो तुम्हारे साथ मेरी टपरी भी जाएगी. मैं बता रहा हूँ, कोई शिकायत कर देगा." हे बोलणं त्याला महागात पडलं.

आता ती सकाळ.

मला फिरत्या पथकावर टाकलं होतं. पथक म्हणजे एक जीप, एक पोलीस शिपाई, मी, आणि आमचे साहेब. साहेब उद्यान विभागातून आलेले. माणूस वाईट नव्हता. झाडांबद्दल बोलायला लागला की चांगला बोलायचा. पण त्याला रोज दुपारी बाराच्या आत कारवाईचा एक फोटो ग्रुपवर टाकायचा होता. माझ्या पिशवीत सुतळी, लाख, मेणबत्ती, पितळी शिक्का आणि डिंकाची बाटली.

त्या दिवशी आधी आम्ही हमरस्त्यावरच्या एका मोठ्या हॉटेलात गेलो. मागच्या दारानं आत माणसं बसलेली, एसी चालू, ताटात तंदुरी. साहेबांनी मोबाईल वर केला, तोच त्यांना एक फोन आला. ते दोन वेळा "हो साहेब" म्हणाले आणि मोबाईल खिशात घातला. आम्ही बाहेर आलो. हॉटेलच्या मालकानं आम्हाला पाण्याच्या थंड बाटल्या दिल्या. मी घेतली.

जीपमध्ये साहेब घड्याळ बघत म्हणाले, "अकरा वाजले. काहीतरी दाखवायला हवं हो. तुम्ही इथलेच ना? सांगा की काहीतरी."

आणि मी म्हणालो, "साहेब, मागच्या गल्लीत एक बिशी आहे. आत बसवून जेवायला घालतात."

हे वाक्य मी चार वर्षं कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

मी स्वतःला काय समजावलं होतं, तेही सांगतो. मावशी ओळखीची आहे, आरडाओरडा करणार नाही. दोन दिवसांत मीच साहेबांकडून सील काढून घेईन. उगाच दुसऱ्या कुणाचं नुकसान नको. किती छान कारणं होती. खरं कारण एकच. आदल्या दिवशी मी तिथं जेवलो होतो, त्याच्या आदल्या दिवशीही. दुसऱ्या पथकानं धाड घातली आणि शटर वर झाल्यावर आत मांडी घालून बसलेला मी सापडलो, तर नोकरी जाणार होती. त्यापेक्षा बिशी बंद झालेली बरी, आणि ती आमच्याच पथकानं, मी बाहेर असताना बंद केलेली बरी. इतका हिशोबी मी आयुष्यात दुसऱ्या कशात नव्हतो.

गल्लीत शटर बंद. शिपायानं काठी आपटली, हाक मारली. आत चिडीचूप. लूमच्या आवाजात आत माणसं आहेत की नाहीत, कळत नव्हतं.

"कुणी नाही वाटतं," साहेब म्हणाले. "चला, दुसरं बघू."

इथं मी गप्प राहायचं होतं. तेवढंच. आम्ही निघून गेलो असतो, कुठल्या तरी बंद दुकानाच्या पायरीवरच्या चार जणांचा फोटो काढला असता आणि बारा वाजले असते. पण आता आदल्या दिवसांची भीती डोक्यात शिरली होती, आणि दहा वर्षांच्या नोकरीत साहेबांपुढे खोटं ठरायचं नाही ही सवयही. मी पुढे झालो. तोंडावर मास्क, त्यावर प्लास्टिकची ढाल, डोक्यावर टोपी. शटरच्या पट्टीवर दोन ठोके दिले. थांबलो. एक.

आतून ताटावर टकटक ऐकू आली. "आले आले. बस आधी, मग बोल," असं म्हणतच तिनं शटर वर केलं.

मी साहेबांच्या मागे सरकलो होतो. आत दहा जण होते. एकाचा घास तोंडापाशी तसाच. साहेबांनी फोटो काढले. पोरांनी ताटं तिथंच टाकली आणि शिपायाच्या काठीखालून बाहेर पळाली. चाचाला पळता येत नव्हतं. तो भिंतीला धरून उठला आणि साहेबांना म्हणाला, "साहब, मशीन चालू रखने का आर्डर है, तो मशीन चलाने वाला क्या खाएगा, तेल?"

"काका, मला नका विचारू. वरून आलंय," साहेब म्हणाले.

मावशी साहेबांकडे बघतच नव्हती. ती त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती. ढालीमागच्या, मास्कमागच्या माझ्याकडे. माझा अर्ज तिला शटर वर होण्याआधीच पोचला होता. मला वाटलं, आता नाव घेईल. आता "कारकुना" म्हणेल, चाचाही ऐकेल, साहेबही ऐकतील, आणि सगळं संपेल. संपलं असतं तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "साहेब, पीठ मळलंय."

साहेबांना वाटलं, त्यांनाच म्हणतेय. "मग?"

"बाकीची जेवाया सुटतील आता. चाळीस मानसांचं पीठ हाय. तेवढं भाईर काढू द्या. तुम्हाला हात जोडते, साहेब."

हात तिनं जोडले नाहीत. पिठानं भरलेले होते. आणि "साहेब" म्हणताना नजर माझ्यावरून हलली नाही. मला ती त्या दिवशी पहिल्यांदा साहेब म्हणाली.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांची काढू द्यायची तयारी होती, मला ते दिसत होतं. "काय करायचं?" त्यांनी हळूच विचारलं. एक परात बाहेर काढायला कितीसा वेळ लागतो? पण मला तिथून निघायचं होतं. चाचा माझ्या बुटांकडे बघत होता, ओळखीचे वाटले म्हणून की नुसताच, माहीत नाही. मी नाही म्हणून मान हलवली. म्हणालो, "पंचनामा झाल्यावर आतली वस्तू हलवता येत नाही, साहेब." नियम असा होता की नव्हता, मला आजही माहीत नाही. मी तो तिथं उभ्या उभ्या तयार केला.

शटर ओढलं. मी मेणबत्ती पेटवली, सुतळीवर लाख ओतली, शिक्का दाबला. ठसा स्वच्छ उमटला. साहेबांनी फोटो टाकला. बाराला पाच कमी होते.

दोन दिवसांत सील काढून घेणार होतो ना? तिसऱ्या दिवशी साहेबच पॉझिटिव्ह निघाले. फाईल त्यांच्या टेबलावर, टेबल कुलपात. कचेरी अर्धी रिकामी. मी दोन अर्ज लिहिले, दोन्ही जपून लिहिले, माझी सही येणार नाही असे. बावीस दिवस ती खोली बंद राहिली.

लूम चालू होते. शेठ शिफ्टला वडापावचे खोके पाठवायचा. माणसं लूमपाशी उभी राहून खायची, एका हाताने तुटलेला धागा जोडत. बिस्किटं, चहा, पुन्हा बिस्किटं. मावशीनं दोन-तीन दिवस शेजारणीच्या शेगडीवर रांधून पाहिलं, पण घरमालकानं शेजारणीलाच दम दिला. आठवड्यानं माणसं निघायला लागली. या वेळी त्यांना जायला कुणी सांगितलं नव्हतं. काम होतं. जेवण नव्हतं. चाचा एका ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या मागं बसून गेला. जाताना शटरपाशी येऊन बराच वेळ थांबला होता म्हणे. ताट आत होतं, पंगतीत तसंच, अर्ध्या भातासकट सुलटं. त्याला ते पालथं घालता आलं नाही.

आणि गल्लीनं टपरीवाल्याला धरलं. शिकायत होईल म्हणालेला तोच ना? पोरांनी त्याच्या टपरीवर सांडपाणी ओतलं, कात-चुन्याचे डबे रस्त्यात फेकले. त्याच्याकडून कुणी सुपारीचं खांड घेईना. मी रोज त्याच्याकडे जायचो. "कसं चाललंय?" विचारायचो. तो रडकुंडीला येऊन म्हणायचा, "बाबू, मेरे बच्चों की कसम, मैंने किसी को कुछ नहीं बोला." मी म्हणायचो, "मला माहीत आहे. तू असं करणार नाहीस." ही माझी त्या काळातली माणुसकी.

मावशीनं मात्र त्याची बाजू घेतली. उरलेली पोरं टपरीपाशी जमली होती तेव्हा ती मध्ये जाऊन उभी राहिली.

"त्यानं न्हाय सांगितलं."

"तो किसने, मौसी? नाम बोलो."

"ते माझं मला म्हाईत हाय. त्येला हात लावाल तर माझ्या दारात येऊ नका."

त्यांनी पुष्कळ विचारलं. तिनं सांगितलं नाही. मी त्या घोळक्याच्या मागे उभा होतो.

सील काढायचा कागद आला तेव्हा मीच गेलो. कुणी दुसरा जायला तयार नव्हता म्हणून नव्हे. मला वाटलं, आपण काढलं तर थोडं फिटेल. सुतळी कापली, शटर वर केलं. आतून जो वास आला तो मी सांगत नाही. परातीतलं पीठ काळं-हिरवं होऊन, फुगून, फुटून, वाळलं होतं. दहा ताटांत भात वाळलेला, त्यावर मुंग्यांची रांगही येऊन गेलेली.

तिनं नाकाला पदर लावला नाही. परात उचलून बाहेर नेली, घासली. दहा ताटं घासली, पुसली, फळीवर ठेवली. मग पहिल्या फळीपासून सुरू केलं. एक ताट उचलायचं, मागची खूण बघायची, आणि गेलेल्याची असली की पालथं घालायचं. त्रिशूळ. मासा. प्रत्येक वेळी ओठ आवळले जायचे. पान्याच्या खुणेपाशी थांबली. "ह्येनं तर मला सांगितलं बी न्हाय," म्हणाली, आणि पालथं घातलं. कुणालाही न हाकललेली बाई तीसेक माणसांना एकेक करून घालवत होती. मी दारात उभा. तिनं मला बस म्हटलं नव्हतं.

शेवटी माझं ताट राहिलं. तिनं ते उचललं, शिक्क्याच्या गोलावरून अंगठा फिरवला, आणि माझ्यापुढे धरलं.

"ह्ये तुमचं तुमी करा, साहेब."

मी ताट हातात घेतलं. काय करावं कळेना. पालथं घालावं तर मीच कबूल केल्यासारखं. सुलटं ठेवावं तर कुठल्या तोंडानं? बोलायला तोंड उघडलं. ती टकटक करायची वाट बघत होतो, आता हे कळतंय. तिनं केली नाही. खराटा घेऊन मागच्या अंगाला गेली. मी ताट बॅगेत घातलं आणि निघालो. दुपारी एकच्या उन्हात, कोनच्या रिक्षेत, चोरलेल्या वस्तूसारखं ते मांडीवर धरून.

बिशी नंतर दहा-बारा जणांवर काही महिने चालली. मग तिनं ती बंद केली आणि पडघ्याकडे गावी गेली. मी कधी गेलो नाही. गाव माहीत होतं, रस्ता माहीत होता. जाऊ, जाऊ म्हणत राहिलो.

गेल्या महिन्यात टपरीवर गेलो तर टपरीवाला पान लावता लावता म्हणाला, "मौसी गई, बाबू. मैं मिट्टी में जा के आया. आपको किसी ने बताया नहीं?"

मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण?

मी तिथं, त्याच्या टपरीपुढे, उभ्याउभ्या सगळं सांगितलं. जीप, वाक्य, तीन ठोके, पीठ. तो चुना लावत होता, त्याचा हात थांबला. पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तीन हफ्ते मेरे मुँह पे गल्ली थूकी. मेरी लड़की का रिश्ता टूटते टूटते बचा. और आप रोज आ के मेरा हाल पूछते थे."

"हो."

"हाल पूछते थे आप."

"हो."

त्यानं माझ्यासाठी लावलेलं पान उलगडलं, आतलं सगळं गटारात झटकलं आणि पान पुसून परत ओल्या फडक्याखाली ठेवलं. "जाइए यहाँ से. दुबारा मत आइए." त्याचं बरोबर होतं. मला त्याचा राग आला नाही. राग येतो तो दुसऱ्याच गोष्टींचा. त्या हॉटेलातल्या थंड बाटलीचा. बाराला पाच कमी असण्याचा. "वरून आलंय" या दोन शब्दांचा. सगळ्यांत जास्त त्या मान हलवण्याचा. ती वरून आलेली नव्हती, ती माझी होती. ती बाई नुसती एक परात बाहेर काढू द्या म्हणत होती.

बिशीच्या खोलीत आता कुरियरवाल्याचं गोडाऊन आहे. दारात पोरं उभी असतात, पाठीवर मोठ्या पिशव्या घेऊन. परवा तिथून जाताना शटर अर्धं खाली होतं. माझा हात पट्टीपर्यंत गेला होता.

ताट माझ्याकडेच आहे. बायकोनं एकदा विचारलं, हे कुठलं? म्हणालो, कचेरीतलं. त्यात मी कधी जेवलो नाही. पालथं घालायचा अधिकार मला आहे की नाही ते समजत नाही, आणि सुलटं ठेवायची हिंमत नाही. म्हणून ते स्वयंपाकघरातल्या कपाटात, परातीमागे, भिंतीला टेकवून उभं ठेवलं आहे. चार वर्षं तसंच उभं आहे.